दीर्घिकेतली धूळ कोण तापवते? उत्तर शोधताना या चुका टाळा

सप्तर्षीच्या भागात दिसणाऱ्या एम ८१ या सर्पिल दीर्घिकेचे हर्शेल अवकाश दुर्बिणीने घेतलेले २५० मायक्रॉन तरंगलांबीचे, म्हणजे दूर-अवरक्त प्रकाशातले, चित्र आणि तिचेच एच-आल्फा चित्र (तरुण ताऱ्यांनी उजळवलेल्या हायड्रोजन वायूच्या लाल प्रकाशातले) शेजारी शेजारी ठेवले, तर दोन्हींत त्याच भुजा उजळ दिसतात. एका चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलची दीप्ती दुसऱ्या चित्रातल्या दीप्तीसमोर मांडली, तर बिंदूही बऱ्यापैकी एका रेषेत बसतात, आणि एम.एस्सी.चा प्रकल्प करणारा विद्यार्थी लिहून मोकळा होतो की तारानिर्मितीच्या प्रदेशांतले तरुण तारे ही धूळ तापवत आहेत. मीही एके काळी असाच लिहून मोकळा झालो होतो. आलेख बरोबर होता, पण मी काढलेला निष्कर्ष त्यातून निघत नव्हता.

धुळीची दीप्ती दोन गोष्टींवर ठरते: त्या जागी धूळ किती आहे आणि ती किती तापलेली आहे. आंतरतारकीय वायूच्या वस्तुमानाच्या सुमारे एक टक्का धूळ असते, त्यामुळे जिथे वायू दाट तिथे धूळही जास्त. आणि जिथे वायू दाट तिथेच नवे तारे जन्मतात. म्हणजे तरुण ताऱ्यांनी धुळीला रतीभर ऊर्जा दिली नाही, तरी धूळ आणि तारानिर्मिती एकाच ठिकाणी सापडणारच. दीप्तीचा आलेख आपल्याला एवढेच सांगतो की दोघांचा पत्ता एक आहे. कोण कोणाला तापवते, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

यावरचा उपाय साधा आहे. एका तरंगलांबीवरच्या दीप्तीऐवजी दोन तरंगलांब्यांवरच्या दीप्तींचे गुणोत्तर घ्यावे. ७० आणि १६० मायक्रॉनची चित्रे एकमेकांनी भागली की धुळीचे प्रमाण जवळजवळ कटते आणि उरतो तो तिचा रंग, म्हणजेच तापमानाचा माग. मग हे गुणोत्तर एकदा एच-आल्फासमोर, म्हणजे तरुण ताऱ्यांसमोर, आणि एकदा १.६ मायक्रॉनच्या दीप्तीसमोर, म्हणजे एकूण ताऱ्यांच्या प्रकाशासमोर, मांडून पाहावे. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज बेंडो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एम ८१, एम ८३ आणि एनजीसी २४०३ या तीन दीर्घिकांसाठी हेच केले. ७०/१६० हे गुणोत्तर तारानिर्मितीच्या प्रदेशांच्या मागे जाते, पण २५०/३५० आणि ३५०/५०० ही गुणोत्तरे एकूण ताऱ्यांच्या प्रकाशाशी जुळतात, असे त्यांना आढळले. ज्या २५० मायक्रॉनच्या चित्रावरून मी तरुण ताऱ्यांचा निष्कर्ष काढला होता, ती धूळ मुख्यतः दीर्घिकेत सर्वत्र पसरलेल्या जुन्या ताऱ्यांच्या उजेडात ऊब घेणारी, थंड धूळ होती.

ही सीमारेषा मात्र सगळीकडे एकाच तरंगलांबीवर पडत नाही. त्याच गटाने २०१५ मध्ये २४ दीर्घिका तपासल्या तेव्हा काहींमध्ये तारानिर्मितीचा प्रभाव बराच पुढच्या तरंगलांब्यांपर्यंत दिसला, तर काहींमध्ये जुने तारे १६० मायक्रॉनच्या आसपासच वरचढ ठरले. म्हणून 'दोनशे मायक्रॉनच्या अलीकडे तरुण, पलीकडे जुने' असा ठोकताळा वहीत लिहून ठेवून तो प्रत्येक दीर्घिकेला लावणे ही पहिल्या चुकीचीच धाकटी बहीण आहे.

जुन्या ताऱ्यांना हिशेबात न धरणे

ही सवय कुठून येते, हे समजण्यासारखे आहे. अवरक्त प्रकाश आणि धूळ यांची आपली पहिली ओळख बहुधा आकाशगंगेतल्या तारानिर्मितीच्या ढगांतून होते, जिथे ढगाच्या पोटात एखादा तप्त तारा असतो आणि भोवतालची धूळ त्याच्याच उष्णतेने चमकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटर व्यासाची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून उडवली आणि दूर-अवरक्तात असे अनेक ढग अभ्यासले. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना 'धूळ तापली म्हणजे आत तरुण तारा' हे समीकरण पाठच असते. एका ढगासाठी ते खरे आहे. अख्ख्या दीर्घिकेत मात्र बहुतेक धूळ अशा ढगांच्या बाहेर, ताऱ्यांच्या सर्वसाधारण उजेडात पडलेली असते.

देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, याचे टोकाचे उदाहरण आहे. तिच्या केंद्रातल्या फुगवट्यात तारानिर्मिती जवळजवळ नाही, तरी तिथली धूळ बाहेरच्या चकतीतल्या धुळीपेक्षा गरम आहे, कारण दाटीवाटीने बसलेल्या जुन्या ताऱ्यांचा प्रकाश तिथे सर्वांत तीव्र आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिमितीय प्रारण-वहन प्रारूपानुसार (ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून कसा जातो आणि कुठे शोषला जातो याचा संगणकीय हिशेब) एम ३१ मधल्या धुळीने शोषलेल्या ऊर्जेपैकी ९१ टक्के ऊर्जा जुन्या ताऱ्यांची आहे. भुजाभुजांत तारे घडवत असलेल्या एम ५१ साठी तशाच पद्धतीने २०१४ मध्ये केलेल्या कामात तरुण ताऱ्यांचा वाटा ६३ टक्के निघाला. म्हणजे धडाडीने तारे घडवणाऱ्या दीर्घिकेतही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताप जुन्यांचा.

अवरक्त दीप्तीवरून तारानिर्मितीचा दर काढताना हीच चूक महागात पडते. खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये दिलेले सूत्र आजही डोळे झाकून वापरले जाते, पण ते दाट धुळीत लपेटलेल्या, तारानिर्मितीचा स्फोट चाललेल्या दीर्घिकांसाठी आहे, हे त्यांनी तिथेच बजावून ठेवले होते. एम ३१ सारख्या शांत दीर्घिकेला ते लावले, तर जुन्या ताऱ्यांनी दिलेली ऊब नव्या ताऱ्यांच्या खात्यावर जमा होते आणि दर फुगतो.

एकच तापमान बसवणे

हर्शेलच्या पाच-सहा बिंदूंमधून एका तापमानाचा सुधारित कृष्णवस्तू-वक्र (त्या तापमानाची धूळ कोणत्या तरंगलांबीवर किती प्रकाश सोडेल ते दाखवणारा) बसवला आणि '२४ केल्विन' असे उत्तर आले, की काम झाले असे वाटते. इथे थोडा हिशेब करून पाहावा. धुळीची उत्सर्जनक्षमता तरंगलांबी वाढत जाते तशी घटते. ही घट दाखवणारा घातांक, म्हणजे बीटा, २ धरला तर धुळीने बाहेर टाकलेली एकूण ऊर्जा तापमानाच्या सहाव्या घाताने वाढते. आता समजा, एका पिक्सेलमध्ये धुळीचे १०० भाग आहेत. त्यांपैकी ९९ भाग २० केल्विनवर आणि एकच भाग ४० केल्विनवर आहे. तापमान दुप्पट म्हणजे ऊर्जा दोनाच्या सहाव्या घाताइतकी, म्हणजे ६४ पट. थंड ९९ भागांची ऊर्जा ९९ धरली, तर एकट्या गरम भागाची ऊर्जा ६४ भरते. एक टक्का धूळ एकूण ऊर्जेतला ३९ टक्के वाटा घेऊन जाते आणि तीही छोट्या तरंगलांब्यांच्या बाजूला. वक्र या पाहुण्याकडे ओढला जातो, तापमान जास्त निघते, आणि वस्तुमान कमी.

हे केवळ कागदावरचे भय नाही. १९८३ मध्ये सोडलेल्या आयरास या अवरक्त उपग्रहाची शेवटची तरंगलांबी १०० मायक्रॉन होती, तर २० केल्विनची साधी कृष्णवस्तू सुमारे १४५ मायक्रॉनला शिखर गाठते. आयरासला त्यामुळे गरम धुळीचा खांदाच दिसत होता. १९९० मध्ये ६० आणि १०० मायक्रॉनवरून सर्पिल दीर्घिकांमधली धूळ मोजली गेली, तेव्हा वायू आणि धूळ यांचे गुणोत्तर हजाराच्या घरात, म्हणजे आकाशगंगेतल्या गुणोत्तराच्या सुमारे दहापट निघाले. धूळ नाहीशी झालेली नव्हती. ती थंड होती आणि तिचा प्रकाश १०० मायक्रॉनच्या पलीकडे पडत होता.

बीटा मोकळा सोडला तर दुसरीच अडचण उभी राहते. निरीक्षणातल्या गोंगाटामुळे तापमान जरा वर गेले की बीटा खाली येतो आणि तापमान उतरले की बीटा चढतो, त्यामुळे आलेखात सुबक उलटा संबंध दिसतो आणि त्यावर धुळीच्या रासायनिक घडणीचा निबंध लिहिण्याचा मोह होतो. आधी कृत्रिम निरीक्षणे तयार करून, त्यांत बीटा स्थिर ठेवून आणि गोंगाट मिसळून तोच वक्र बसवून पाहावा. तिथेही तसाच कल दिसला, तर निबंध लिहूच नये. फुगवट्याजवळ बीटा एकाच्या खाली उतरला असेल, तर बहुधा वेगवेगळ्या तापमानांची धूळ एकाच पिक्सेलमध्ये मिसळलेली असते किंवा पार्श्वभूमी, म्हणजे दीर्घिकेबाहेरून आलेली चमक, नीट वजा झालेली नसते.

लहान कणांना 'तापमान' देणे

मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढा मोठा कण सतत फोटॉन शोषतो आणि सतत ऊर्जा सोडतो, म्हणून त्याला स्थिर तापमान असते. काही डझन कार्बन अणूंच्या बहुचक्री सुगंधी हायड्रोकार्बनच्या रेणूचे तसे नसते. एकच अतिनील फोटॉन आदळला की तो हजार केल्विनच्या आसपास उसळतो, पाहता पाहता ती ऊर्जा ३.३, ६.२, ७.७, ८.६, ११.३ मायक्रॉनच्या पट्ट्यांत सोडून देतो, आणि मग पुढच्या फोटॉनची वाट पाहत दिवसच्या दिवस थंडगार बसून राहतो. भोवतालचा प्रकाश दुप्पट झाला तर त्याच्यावर फोटॉन दुप्पट वेळा आदळतात. प्रत्येक वेळची उसळी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे ८ मायक्रॉनच्या दीप्तीला तापमानाचे सूत्र लावणे निरर्थक आहे. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली जवळच्या दीर्घिकांची मध्य-अवरक्त चित्रे इतकी रेखीव आहेत की त्यांतली प्रत्येक चमकती नस म्हणजे तारानिर्मिती असे वाटू लागते, पण अनेक नसांमध्ये फक्त धूळ जास्त असते.

२४ मायक्रॉनचे प्रकरण मधले आहे. तारानिर्मितीच्या प्रदेशांत तिथे गरम धूळ चमकते, तर बाहेर सर्वसाधारण प्रकाशात लहान कण चमकतात. धुळीत झाकलेला एच-आल्फा भरून काढण्यासाठी २४ मायक्रॉनच्या दीप्तीचा जो अंश मिळवतात, तो एकेकट्या तारानिर्मिती प्रदेशासाठी ०.०३१ आणि संपूर्ण दीर्घिकेसाठी ०.०२० असा वेगवेगळा दिला जातो, तो याच विखुरलेल्या भागामुळे. पहिला आकडा दुसऱ्या जागी वापरला, तर दुरुस्ती दीडपट होते. आणखी एक पथ्य पाळावे: अशी दुरुस्ती केलेला एच-आल्फा ज्या आलेखाच्या आडव्या अक्षावर आहे, त्याच्या उभ्या अक्षावर २४ मायक्रॉन असलेले गुणोत्तर घेऊ नये, कारण मग २४ मायक्रॉनचा संबंध स्वतःशीच जोडला जातो.

नकाशा विचित्र दिसत असेल तर

गुणोत्तराच्या नकाशात उजळ प्रदेशांभोवती कडी दिसत असतील, तर भौतिकशास्त्र शोधण्याआधी विभेदनक्षमता, म्हणजे चित्रात किती बारीक तपशील वेगळा दिसतो, ते तपासावे. हर्शेलचा बीम, म्हणजे एक बिंदू चित्रात जेवढा पसरून दिसतो तो ठिपका, ७० मायक्रॉनला सुमारे ६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), १६० ला १२, २५० ला १८, ३५० ला २५ आणि ५०० ला ३६ विकला असतो. सगळी चित्रे सर्वांत जाड बीमला आणल्याशिवाय भागाकार करणे म्हणजे आपणच कडी काढणे. भुजेची एक कड गरम आणि दुसरी थंड दिसत असेल, तर आधी दोन चित्रांतल्या पार्श्वभूमीच्या दीर्घिका एकमेकींवर बसतात का ते पाहावे. चित्रे सरकलेली नसतील, तरच भुजेतून एका बाजूला निसटणाऱ्या प्रकाशाचा विचार करावा.

बाहेरच्या काठावर तापमान अचानक वाढू लागले, तर बहुधा पार्श्वभूमी चुकलेली असते. एम ८१ च्या बाबतीत तर आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे झिरझिरीत पडदे समोर लोंबत आहेत. तिच्या भोवती दिसणारी बरीच अवरक्त चमक त्यांची आहे. केंद्रातही जपावे लागते. तिथे सक्रिय केंद्रक, म्हणजे वायू गिळत चमकणारे कृष्णविवर, आहे, एच-आल्फाच्या फिल्टरमध्ये ६५४.८ आणि ६५८.३ नॅनोमीटरच्या नायट्रोजनच्या रेषा शिरतात, आणि फुगवट्यातल्या ताऱ्यांचा अखंड (सगळ्या तरंगलांब्यांवर पसरलेला) प्रकाश किंचित कमी वजा झाला तरी खोटी तारानिर्मिती उगवते. मी तरी आता केंद्रातले पिक्सेल सरळ वगळतो. जुन्या ताऱ्यांसाठी ३.६ मायक्रॉन वापरण्याऐवजी १.६ मायक्रॉन बरे, कारण ३.६ मध्ये गरम धूळ आणि ३.३ चा पट्टा मिसळतो.

सहसंबंध 'अतिशय भक्कम' निघत असेल, तर पिक्सेल मोजावेत. ५०० मायक्रॉनच्या नकाशात पिक्सेल सहसा १४ विकलांचा असतो, म्हणजे ३६ विकलांच्या एका चौकोनात सहा-सात पिक्सेल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असतात. ते एकत्र करून ३६ विकलांचे चौकोन करावेत, म्हणजे खरे स्वतंत्र बिंदू किती आहेत ते कळते. शिवाय एच-आल्फा असो वा जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, दोन्ही केंद्रापासून दूर जाताना मंदावतात, त्यामुळे गुणोत्तराचा दोघांशीही संबंध दिसणे साहजिक आहे. त्रिज्येनुसारचा कल वजा करून, एकाच त्रिज्येवरचे भुजेतले आणि भुजांमधल्या पोकळीतले चौकोन आपसांत ताडून पाहिले की दोघांपैकी खरा कोण ते बहुतेक वेळा उघडे पडते.

एम ८१ सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे, त्यामुळे असा एक चौकोन तिथे जवळपास २,१०० प्रकाशवर्षांचा होतो. शोषलेली ऊर्जा आणि उत्सर्जित ऊर्जा समान मानणारी वर्णपट-प्रारूपे अशा चौकोनाला कशीबशी लागू पडतात. जेम्स वेबच्या चित्रांच्या बळावर चौकोन त्याहून पुष्कळ लहान केले, तर एका चौकोनातल्या ताऱ्याचा प्रकाश शेजारच्या चौकोनातली धूळ शोषते, आणि दोन्हीकडचा हिशेब चुकतो.