लोहाधारित अतिवाहकात (थंड केल्यावर रोध शून्य होणाऱ्या पदार्थात) इलेक्ट्रॉन किती अडतात? इन्फ्रारेडने असं मोजा

काढायचं आहे एकच गुणोत्तर: इलेक्ट्रॉनांची मोजलेली गतिज ऊर्जा भागिले बँड-गणिताची, म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवतच नाहीत असं धरून काढलेली. तांब्यात ते १ च्या जवळ, क्युप्रेटच्या (तांबे-ऑक्साइडवाल्या अतिवाहकांच्या) मूळ संयुगांत शून्याकडे. लोहाच्या लँथनम-फॉस्फाइड संयुगात २००९ साली ते निम्म्याच्या आसपास आलं. इलेक्ट्रॉन एकमेकांना अडवतात, पण जागीच थिजत नाहीत.

बेरियम-आयर्न-आर्सेनाइडचा २-३ मिमीचा पातळ स्फटिक घ्या. सेलोटेप चिकटवून वरचा थर सोला, आत आरशासारखी चकाकी दिसेल. पॉलिश करू नका, वरची जाळी मोडते. शिवाय आर्सेनिक आहे, हातमोजे हवेतच.

या चकाकीवरून इन्फ्रारेड किती टक्के परत येतं, ते परावर्तन मोजायचं. घात होतो तो परावर्तनाच्या शेवटच्या टक्क्यात. ९५ टक्क्यांच्या जागी ९६ वाचलं, की शोषण ५ चं ४ झालं, म्हणजे वीस टक्के चूक! म्हणून आधी स्फटिक मोजा, मग तो जागचा न हलवता त्याच्यावरच निर्वातात सोन्याचा थर चढवून पुन्हा मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, सोन्याच्या परावर्तनाने गुणा. खडबडीतपणा दोन्ही वेळी तोच, तो भागाकारात निघून जातो.

तालुक्याच्या कॉलेजातलं एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट मोजणारं यंत्र) साधारण ४०० ते ४००० सेंमी⁻¹ बघतं. त्याखालचा आणि वरचा पट्टा मोठ्या प्रयोगशाळेतूनच आणावा लागतो. आपला पट्टा मात्र मे महिन्यात उरकून घ्या, तेव्हा विदर्भात हवा कोरडी असते. मृग लागला की यंत्रातला केबीआरचा (पोटॅशियम ब्रोमाइडचा) बीमस्प्लिटर, म्हणजे किरण दुभागणारी काच, ओल धरून धुरकटतो आणि १४००-१८०० मध्ये वाफेच्या रेषांची झाडी उगवते. यंत्रातलं ओल शोषणारं सिलिका जेल निळं आहे तोवर ठीक, गुलाबी झालं की तापवून घ्या. लोडशेडिंगमध्येही यंत्र इन्व्हर्टरवर चालू ठेवा, गार पडलं की आत दमटपणा शिरतो. एमसीटी डिटेक्टरला (इन्फ्रारेड टिपणाऱ्या संवेदकाला) गार ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी येतो तोच हा, पुरवठादार तिथेच विचारा. भांड्याचं झाकण घट्ट लावू नका, दाब वाढून फुटेल.

आता क्रेमर्स-क्रोनिग, म्हणजे परावर्तनावरून दर वारंवारतेची वाहकता काढायचं गणित. खालच्या टोकाला, जिथे मोजमाप नाही तिथे, हेगन-रुबेन्स हे धातूंच्या परावर्तनाचं सूत्र जोडा. निघालेली शून्य-वारंवारतेची वाहकता चार-टोकी रोधमापनाशी ताडून बघा. जुळली नाही तर परावर्तन चुकलं आहे, पुढे जाऊच नका. जुळली की वाहकतेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ १२० भागिले पायने गुणा, प्लाझ्मा वारंवारतेचा वर्ग मिळतो; गतिज ऊर्जा याच वर्गाच्या प्रमाणात असते. समजा मोजलेली १२,००० आणि गणिताची २१,००० सेंमी⁻¹ आली, तर वर्गांचं गुणोत्तर, म्हणजे आपल्याला हवं असलेलं गुणोत्तर, ०.३३.

क्षेत्रफळ कुठवर घ्यायचं, हा खरा वादाचा मुद्दा. या संयुगांत आंतरबँड शोषण (इलेक्ट्रॉन एका ऊर्जापट्ट्यातून दुसऱ्यात उडी मारताना होणारं) फार खालीच सुरू होतं आणि मुक्त इलेक्ट्रॉनांच्या वाट्यात मिसळतं. २००० आणि ३००० सेंमी⁻¹ अशा दोन्ही मर्यादांनी गुणोत्तर काढा, आणि दोन्ही आकडे छापा. मोजमाप खोलीच्या तापमानाचं घ्या. १३८ केल्विनच्या आसपास चुंबकीय संक्रमण होतं आणि त्याखाली ऊर्जाफट पडून हेच क्षेत्रफळ वरच्या वारंवारतेकडे सरकतं.