काउंटर-ऑफर स्वीकारताना या चुका टाळा

राजीनाम्याचा ईमेल गेला की दोन-चार दिवसांत केबिनमध्ये बोलावणे येते, ‘आधी बोलला असतास तर’ हे वाक्य ऐकवले जाते आणि पगाराचा नवा आकडा पुढे ठेवला जातो. थांबवण्यासाठी दिलेला हा प्रस्ताव म्हणजेच काउंटर-ऑफर. मी मुंबईत भरतीचे काम करतो आणि यानंतर होणाऱ्या त्याच त्या चुका पाहून कंटाळलो आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तोंडी शब्दावर दुसरी नोकरी नाकारणे. अंधेरीतील एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातील एक गृहस्थ डोंबिवलीहून येत असत. घाटकोपरला उतरायचे, मेट्रोच्या रांगेत उभे राहायचे आणि रात्री नऊपर्यंत रिपोर्ट काढत बसायचे, याला कंटाळून त्यांनी ठाण्यातील नोकरी मिळवली होती. डिसेंबरमध्ये साहेबांनी पगारवाढ आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम असे दोन्ही कबूल केले, आणि या गृहस्थांनी त्याच संध्याकाळी ठाण्याला नकार कळवला. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये त्यांना सांगण्यात आले की तुमची वाढ डिसेंबरमध्येच झाली आहे. दरम्यान साहेब बदलले होते, आणि घरून काम करण्याचा विषय काढताच नव्या साहेबांनी विचारले, “असे काही लेखी आहे का?” नव्हते. तोपर्यंत ठाण्यातील जागाही भरली गेली होती.

मी माझ्या उमेदवारांना एकच सवय लावतो: चर्चा संपली की त्याच दिवशी साहेबांना ईमेल करून, एचआरला सीसीमध्ये ठेवून, काय ठरले ते लिहून काढायचे, आणि कंपनीच्या लेटरहेडवर सुधारित पत्र हातात पडेपर्यंत दुसऱ्या ऑफरला नकार द्यायचा नाही. त्या पत्रात नवा पगार, तो लागू होण्याची तारीख आणि एप्रिलची वाढ वेगळी मिळणार की नाही हे स्पष्ट असावे. ‘पत्र मागितले तर साहेबांना वाईट वाटेल’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वाईट वाटून घेणाऱ्या साहेबांचा शब्द किती टिकेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरी चूक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करत असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर भाळण्याची. समजा, तुमचा सीटीसी १२ लाख आहे, बाहेरची ऑफर साडेतेरा लाखांची असून ती सगळी फिक्स्ड आहे, आणि सध्याची कंपनी १४ लाख देऊ करते. त्या १४ लाखांत दीड लाखाचा रिटेन्शन बोनस (थांबण्यासाठी दिलेली रक्कम) असेल, तर तो एकदाच मिळणार आणि खरी वाढ वर्षाला ५० हजारांची, म्हणजे कर कापण्यापूर्वी महिन्याला सुमारे ४,१६७ रुपयांची ठरते. शिवाय बोनस आधी देऊन वर्षभरात नोकरी सोडल्यास तो परत मागण्याची अट अनेकदा असते, आणि काही करारांत टीडीएस कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम मागितली जाते. दोन्ही ऑफरमधून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) आणि एकदाच मिळणाऱ्या रकमा वजा करून उरलेले आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. अ‍ॅपमध्ये आकडा टाकून ‘इन-हँड’ काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण बोनस परत करण्याची अट अ‍ॅपला दिसत नाही.

पीएफ बुडेल या भीतीने थांबू नये. तो यूएएनमार्फत (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) नव्या खात्यात वळवता येतो. ग्रॅच्युइटीचे मात्र वेगळे आहे. कायम नोकरीत त्यासाठी सलग पाच वर्षे लागतात, आणि ५० हजार बेसिकवर पाच वर्षांची रक्कम १५/२६ च्या सूत्राने (महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार) सुमारे १.४४ लाख होते. पाच वर्षांना थोडेच महिने उरले असतील, तर थांबण्याचे हे प्रामाणिक कारण आहे.

केवळ पगार वाढवून घेण्यासाठी बाहेरची ऑफर आणणारे उतावळे नवशिके हा डाव एकदाच खेळू शकतात.

राजीनामा पगारासाठी नव्हताच, तर पगारवाढीने काय सुटणार, हे विचारायला लोक विसरतात. म्हणून राजीनाम्याआधीच कारणे लिहून ठेवावीत.

आणि थांबायचे ठरलेच, तर राजीनामा मागे घेतल्याची एचआरची लेखी पोच घ्यावी आणि कंपनीच्या पोर्टलवरील नोकरीच्या शेवटच्या दिवसाची तारीख काढली गेली आहे का ते स्वतः पाहावे. ती तशीच राहिली, तर साहेब खूश असूनही महिनाअखेरीस पगार अडकतो आणि प्रवेशाचे कार्ड बंद होते.