‘सिन्स’ की ‘फॉर’? ‘पासून’मुळे होणाऱ्या या चुका टाळा

सदाशिव पेठेत संध्याकाळी मी इंग्रजी शिकवते. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायला आलेल्या मुलांना स्वतःबद्दल बोला म्हटलं, की बहुतेकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ मुलं हुशार आहेत. घोळ आपल्या ‘पासून’चा आहे. मराठीत ‘२०२० पासून’ चालतं आणि ‘पाच वर्षांपासून’ही चालतं. इंग्रजीत मात्र सुरुवात कधी झाली ते सांगायला ‘सिन्स’ लागतं आणि किती काळ झाला ते सांगायला ‘फॉर’.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्याबद्दल ‘सिन्स १९३०’ म्हणा किंवा ‘फॉर ओव्हर नाइन्टी इयर्स’. ‘सिन्स नाइन्टी इयर्स’ मात्र नको.

मनात गोंधळ झाला तर मराठी वाक्यातला ‘पासून’ काढून तिथे ‘गेली’ किंवा ‘भर’ बसतं का बघा. ‘गेली पाच वर्षं’, ‘आठवडाभर’ सहज बसतं, म्हणजे ‘फॉर’. ‘सोमवारपासून’, ‘लहानपणापासून’ यांचं तसं काही होत नाही, म्हणजे ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स चाइल्डहुड’. ‘गेल्या महिन्यापासून’ आणि ‘गेला महिनाभर’ ही जोडी नीट पाहा: पहिलं ‘सिन्स लास्ट मंथ’, दुसरं ‘फॉर द लास्ट मंथ’. सर्रास ऐकू येणारं ‘सिन्स लाँग टाइम’ही चूकच, ‘फॉर अ लाँग टाइम’ म्हणा.

पण एवढं सुधारूनही वरचं वाक्य बरोबर होत नाही. आपण ‘राहतोय’ म्हणतो, म्हणून ‘अ‍ॅम लिव्हिंग’ तोंडात येतं. तेव्हापासून आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं.

क्रियापदाची ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते. माझ्या एका विद्यार्थ्याने मुलाखतीत चालू नोकरीबद्दल ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ असं सांगितलं. समोरच्यांनी लगेच विचारलं, नोकरी का सोडलीत? त्याने सोडलीच नव्हती! तो इतका गडबडला की पुढची उत्तरंही बिघडली. ‘वर्क्ड’ म्हटलं की ते काम संपलं असाच अर्थ होतो. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स’ एवढं म्हटलं असतं, तर तो प्रश्न आलाच नसता.

रजेच्या ईमेलमध्ये ‘आय विल बी ऑन लीव्ह सिन्स मंडे’ लिहिणारेही पुष्कळ. काळाच्या अर्थाने ‘सिन्स’ मागच्या क्षणापासूनच मोजतं. येणाऱ्या सोमवारपासून रजा हवी असेल तर ‘फ्रॉम मंडे’ लिहा.