कॅसिनो चिप्सचा सौदा: ऑनलाइन विक्रेत्याशी भाव कसा करावा

संग्रहासाठी कॅसिनो चिप, म्हणजे जुगारघरात पैशांऐवजी वापरली जाणारी चकती, विकत घेणाऱ्याने भावाचा पहिला शब्द काढण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर पक्के करून घ्यावे: ही चिप आजही रोख होते का? कॅसिनो चालू असेल आणि ती मालिका बाद झालेली नसेल, तर शंभर डॉलरची चिप कॅशियरच्या खिडकीवर शंभर डॉलरला वटते. साहजिकच तिच्या दर्शनी किमतीखाली कोणताही शहाणा विक्रेता उतरणार नाही, आणि एखादा उतरलाच तर आनंद होण्याऐवजी संशय यावा. अशा चिपच्या बाबतीत घासाघीस होते ती फक्त दर्शनी किमतीच्या वरच्या रकमेची. बंद पडलेल्या कॅसिनोच्या चिपला मात्र खालून टेकू देणारी अशी कोणतीही रक्कम नसते. तिचा भाव तशा चिप्स किती उरल्या आहेत आणि त्या किती जणांना हव्या आहेत, एवढ्यावरच ठरतो आणि खरी बोलणी तिथेच रंगतात.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या अमेरिकेतील नेवाडाच्या नियमांनुसार कॅसिनो बंद होताना लोकांजवळच्या चिप्स परत घेण्याची आणि परत आलेल्या चिप्सची विल्हेवाट लावण्याची योजना नियामकांपुढे मांडावी लागते. म्हणजे मागे उरतात त्या प्रामुख्याने लोकांनी आठवण म्हणून घरी नेलेल्या किंवा खिशात विसरलेल्या चिप्स. एक डॉलरची चिप आठवण म्हणून ठेवणे कोणालाही परवडते, पाचशे डॉलरची सहसा कोणी ठेवत नाही. त्यामुळे एकाच कॅसिनोच्या लहान मूल्याच्या चिप्स ढिगाने मिळतात आणि मोठ्या मूल्याच्या शोधाव्या लागतात. लास वेगासमधील ट्रॉपिकाना 2 एप्रिल 2024 रोजी आणि मिराज 17 जुलै 2024 रोजी बंद झाले. अशा प्रसंगी बातम्यांच्या भरात मागितल्या जाणाऱ्या किमती हे भाव नसून विक्रेत्यांच्या अपेक्षा असतात. एक डॉलर आणि पाच डॉलरच्या चिप्सच्या बाबतीत हा बहर ओसरेपर्यंत थांबणे हाच सौद्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मोठ्या मूल्याच्या चिपसाठी मात्र मी कोणालाही थांबायला सांगणार नाही, कारण ती पुन्हा विक्रीला येईलच याची खात्री नसते.

यानंतर ओळख पटवण्याचे काम येते आणि त्यात कंजुषी करू नये. एकाच कॅसिनोने एकाच मूल्याच्या चिप्स वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या रूपांत काढलेल्या असतात. मधल्या गोल छापील भागावरचा, म्हणजे इनलेवरचा, मजकूर सारखाच दिसतो, पण कडेला बसवलेल्या रंगीत तुकड्यांचे, म्हणजे इन्सर्टचे, रंग किंवा त्यांची संख्या बदललेली असते, किंवा चिप ज्या साच्यातून काढली तो साचा निराळा असतो. पॉलसन कंपनीच्या चिपच्या कडेलगत टोपी आणि काठी यांची उठावदार नक्षी गोलाकार फिरलेली दिसते, टी. आर. किंग कंपनीच्या जुन्या चिप्सवर छोट्या मुकुटांची नक्षी आढळते. यांपैकी एक रूप सर्रास मिळणारे आणि दुसरे मोजक्याच संग्रहांत असलेले, असे अनेकदा घडते, आणि घरातले जुने सामान विकायला काढलेल्या विक्रेत्याला हा भेद ठाऊक नसतो. तो इंटरनेटवर दुर्मिळ चिपची किंमत पाहतो आणि तीच आपल्या साध्या चिपला लावतो. अशा वेळी भाव कमी करा असे म्हणण्यापेक्षा चिप नेमकी कोणती आहे हे सौम्यपणे दाखवून देणे अधिक परिणामकारक ठरते.

त्यासाठी छायाचित्रे मागावीत. समोरची आणि मागची बाजू तर हवीच, पण सर्वांत बोलके छायाचित्र कडेचे असते. चिप उभी धरून, प्रकाश एका बाजूने तिरपा पडेल अशा रीतीने काढलेल्या छायाचित्रात कडेचा कोन धारदार आहे की झिजून गोल झाला आहे, इन्सर्टचा रंग आरपार गेला आहे की वरवर आहे आणि कुठे टवका उडाला आहे का, हे सारे स्पष्ट दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगावी. आजच्या चिप्सचा व्यास साधारण 39 मिलिमीटर असतो आणि त्यात मोठी तफावत असली तर प्रश्न विचारायला जागा मिळते. मातीच्या मिश्रणाच्या जुन्या चिप्सना काही जण खनिज तेलाचा हात फिरवतात, त्याने रंग खुलतो आणि फिकटपणा काही काळ झाकला जातो, म्हणून फारच तुकतुकीत दिसणाऱ्या जुन्या चिपबद्दल तिला तेल लावले आहे का, असे सरळ विचारावे. भोक पाडून रद्द केलेल्या चिपचे छिद्र कॅप्सूलच्या, म्हणजे चिप ठेवायच्या पारदर्शक डबीच्या, चकाकीत लपू शकते, तेव्हा चिप बाहेर काढूनच छायाचित्र पाठवण्याची विनंती करावी. या विनंत्यांना विक्रेता कसे उत्तर देतो त्यावरून पुढची बोलणी कशी होतील याचा बराचसा अंदाज येतो.

काही वस्तू अशा असतात की त्यांच्यावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नये. कधीच अस्तित्वात नसलेल्या कॅसिनोच्या नावाने किंवा जुन्या प्रसिद्ध नावाचा आधार घेऊन अलीकडे बनवलेल्या चिप्सना संग्राहक फँटसी चिप म्हणतात. शोभेसाठी त्या घ्यायला हरकत नाही, पण त्या कोणत्याही टेबलावर खेळल्या गेलेल्या नसतात. लास वेगासमधील फ्लेमिंगो 26 डिसेंबर 1946 रोजी सुरू झाले आणि त्याच्याशी बग्झी सीगल या गुंडाचे नाव जोडलेले आहे. म्हणून त्याचा चेहरा असलेली चिप त्या काळची म्हणून कोणी पुढे केली, तर ती नंतर कोणीतरी बनवलेली असणार असे धरूनच चालावे. क्युबातील क्रांतीपूर्व हवानाच्या आणि अमेरिकेतील जुन्या बेकायदा अड्ड्यांच्या चिप्सची गोष्ट याहून नाजूक आहे. अड्ड्यांच्या चिप्सवर अनेकदा नुसती आद्याक्षरे असतात आणि त्या कोणत्या ठिकाणच्या हे ठरवण्यासाठी चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो. विक्रेत्याने ठिकाणाचे नाव छातीठोकपणे लिहिले असेल, तर त्यामागे कोणती नोंद आहे ते विचारावे, आणि उत्तर केवळ ऐकीव असेल तर नुसत्या आद्याक्षरांच्या चिपला जेवढा भाव योग्य तेवढाच देऊ करावा. केवळ छापील सोनेरी मजकूर असलेल्या चिप्समध्ये कोऱ्या चिपवर नव्याने छाप मारणे सोपे असते, हेही लक्षात असू द्यावे.

आता भाव. विक्रेता मागतो ती किंमत आणि चिप प्रत्यक्षात जिला विकली गेली ती किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला संबंध फक्त दुसरीशी आहे. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या मंचावर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात. ही यादी साधारण 90 दिवसांची असते. तिच्यात एखादी किंमत खोडलेली दिसली तर ती वस्तू त्या किमतीला गेली नाही, विक्रेत्याने त्याहून कमी रकमेची ऑफर स्वीकारली आणि ती रक्कम तिथे दाखवलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. पुष्कळ नवखे संग्राहक ही खोडलेली रक्कमच बाजारभाव समजतात आणि तिच्यावरून बोली ठरवतात. छापील किंमत-पुस्तिकांचा उपयोग चिपचे रूप ओळखण्यासाठी आणि तुलनात्मक दुर्मिळता कळण्यासाठी अधिक होतो. त्यांतील आकडा अलीकडच्या विक्रीशी ताडून पाहिल्याशिवाय बोलण्यात आणू नये. 1988 साली स्थापन झालेल्या कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन या संग्राहकांच्या संस्थेतील जाणकारांचे मत महागड्या खरेदीपूर्वी घेणे नेहमीच शहाणपणाचे ठरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, बंद पडलेल्या कॅसिनोची पाच डॉलरची चिप विक्रेत्याने 60 डॉलरला लावली आहे आणि नेमकी त्याच साच्याची, त्याच इन्सर्टची चिप गेल्या तीन महिन्यांत 38, 41 आणि 44 डॉलरला विकली गेली आहे. येथे 20 डॉलरची ऑफर देणे हा केवळ उद्धटपणा ठरत नाही, तर पुढचे दार बंद करून घेणे ठरते, कारण नको असलेल्या खरेदीदाराला ब्लॉक करणे विक्रेत्याच्या हातात असते. पहिली ऑफर 37 ते 38 डॉलरची असावी आणि तिच्यासोबत कारण जावे. संदेश असा लिहिता येईल: ‘नमस्कार. आपण पाठवलेल्या छायाचित्रांबद्दल आभार. तिसऱ्या छायाचित्रात दोन इन्सर्टच्या मधली कड बोथट झालेली आणि इनलेवर एक बारीक ओरखडा दिसतो. याच साच्याच्या आणि याच रंगांच्या तीन चिप्स अलीकडे 38 ते 44 डॉलरला विकल्या गेल्या असून 44 डॉलरची चिप याहून चांगल्या स्थितीत होती. टपालखर्च वेगळा धरून 38 डॉलर देण्याची माझी तयारी आहे. मान्य असल्यास आजच पैसे भरता येतील.’ या मजकुरात चिपची निंदा नाही, स्वतःच्या हौसेचे वर्णन नाही आणि हीच एक चिप संग्रहात कमी आहे असा उल्लेख तर अजिबात नाही. गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात. ती नसली तरी एक वेळ चालेल, पण गरज आहे हे विक्रेत्याला कळू देऊ नये.

विक्रेत्याने 50 डॉलरचे उलट उत्तर दिले तर लगेच मधली रक्कम गाठण्याची घाई करू नये. मधोमध भेटण्याची सवय विक्रेत्यांनाही असते आणि म्हणूनच सुरुवातीची किंमत फुगवलेली असते. एक दिवस जाऊ द्यावा, मग 41 डॉलर ही शेवटची रक्कम असल्याचे विनयाने कळवावे आणि ते खरोखरच शेवटचे ठेवावे. मंचाने ठरवलेल्या पद्धतीने दिलेली ऑफर स्वीकारली गेली की पैसे भरणे बंधनकारक असते, त्यामुळे अंदाज घेण्यासाठी चार जणांना एकाच वेळी ऑफर पाठवून ठेवू नयेत. नकार आला तर चिप पाहत असलेल्या वस्तूंच्या यादीत ठेवून द्यावी. तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांना विक्रेते पुढे स्वतःहून सवलत देऊ करतात, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या चिपच्या मालकाचा सूर आपोआप खाली येतो.

समोर कोण आहे त्यावर बोलण्याची ढब बदलते. व्यापाऱ्याला वेळ वाचवायचा असतो. त्याला एका चिपवर दोन डॉलर सोडण्यात रस नसतो, पण पाच-सहा चिप्स एकत्र घेऊन एकाच पाकिटात मागवल्या तर तो एकूण रकमेवर चांगली सूट देतो. कारण त्याचा बांधणीचा आणि टपालाचा खर्च एकदाच होतो. जादा नगांची विक्री करणाऱ्या संग्राहकाला पैशांपेक्षा अदलाबदल अधिक प्रिय असते, आणि आपल्याकडील जादा चिप पुढे करून तफावत तेवढी रोखीने भागवणे हा दोघांनाही सोयीचा मार्ग असतो. वारसाहक्काने चिप्स मिळालेल्या व्यक्तीशी मात्र अतिचलाखी करू नये. तिने अज्ञानापोटी चिप फारच कमी भावात लावली असेल तर ती मागितलेल्या भावात घेणे गैर नाही, पण त्या किमतीवरही घासाघीस करणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

चालू असलेल्या लिलावात विक्रेत्याला संदेश पाठवून लिलाव थांबवून मला द्या म्हणणे टाळावे. मंचांच्या नियमांत ते बसत नाही आणि ज्याने दुसऱ्यांशी तसे केले तो आपल्याशीही करील. बोली न लागता लिलाव संपला तर दुसऱ्या दिवशी ऑफर द्यावी.

विक्रेता कधी कधी मंचाबाहेर व्यवहार केल्यास दहा टक्के सोडतो म्हणतो. ही सूट त्याच्या वाचलेल्या दलालीतून येते, जोखीम मात्र सगळी आपल्यावर येते. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवरून मित्र-नातलगांना पाठवायच्या पर्यायाने पैसे दिले तर खरेदीदाराला मिळणारे संरक्षण लागू होत नाही, म्हणून असा आग्रह धरणाऱ्याशी सौदा तिथेच थांबवावा. टपालाबद्दलही आधीच ठरवून घ्यावे. चिप साध्या पत्राच्या लिफाफ्यात घालून पाठवली की छाननीच्या यंत्रात लिफाफा फाटू शकतो आणि चिप गहाळ होऊ शकते. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये पक्की बसवून, मागोवा घेता येईल अशा टपालाने पाठवण्याचे लेखी कबूल करून घ्यावे आणि त्यासाठी थोडे जास्त लागले तर तेथे हात आखडता घेऊ नये.

पाकीट आले की ते उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि चिप विक्रेत्याच्या छायाचित्रांशी कडेपासून ताडून पाहावी. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार करण्यासाठी साधारणतः पोहोचल्यापासून 30 दिवस मिळतात. टवका छायाचित्रात दिसत नव्हता असे आढळल्यास थेट तक्रार दाखल करण्यापूर्वी विक्रेत्याला दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाठवावीत आणि चिप परत करण्याची किंवा विशिष्ट रक्कम परत घेऊन ती ठेवण्याची तयारी आकड्यासह कळवावी. ही रक्कम अशा टवका उडालेल्या चिप्स ज्या भावाला विकल्या जातात त्यावरून काढावी आणि बोलणी दहाव्या-बाराव्या दिवसाच्या पुढे लांबू लागली तर मुदत संपण्याची वाट न पाहता तक्रार नोंदवून टाकावी.