ट्रँपोलिनवर या चुका टाळा

दोघांनी एकदम उड्या मारायच्या नाहीत. मी सगळ्यात जास्त वेळा हेच सांगतो आणि सगळ्यात कमी हेच ऐकलं जातं.

मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका गच्चीवर दोन चुलत भावंडं उड्या मारत होती. थोरला सातवीतला, धाकटी बालवाडीतली. थोरल्याच्या वजनाने जाळी दबायची आणि तो वर निघाला की सपकन वर यायची. अशीच ती वर येत असताना धाकटी खाली आली, आणि जाळी तिच्या तळपायांवर आदळली. पोरगी मटकन बसली ती उठेचना. एक्स-रेत गुडघ्याच्या जरा खाली नडगीला चीर निघाली. आजी म्हणत राहिल्या, "अहो, पण ती पडलीच नाही!" लहान पोरांचं हाड मोडायला पडावं लागत नाही, जाळीचा उलटा दणका पुरतो. भोवतीचं कुंपण, कडेचे पॅड, सगळं जागेवर होतं. म्हणून माझ्याकडे एका वेळी एकच, जुळी असली तरी. आणि सहा वर्षांच्या आतल्या पोराला मोठ्या ट्रँपोलिनवर मी चढूच देत नाही.

दुसरं, थांबता न येणं. मोबाईलवर बघून आलेल्याला पहिल्याच दिवशी कोलांटी हवी असते. 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तिथले खेळाडू सात-आठ मीटर उंच जातात, सलग दहा कसरती करतात, आणि मधल्या खुणेपासून सरकले तरी गुण जातात. म्हणजे उंचीइतकीच जागा धरून ठेवण्याचीही परीक्षा असते. मी जाळीच्या मधोमध खडूने फुली काढतो. पाय खांद्याइतके फाकवून फुलीवर उतरायचं, गुडघे वाकवून उसळी तिथेच मुरवायची. मी टाळी वाजवली की थांबायचं. ते जमेपर्यंत वीतभरापेक्षा उंच उडी नाही. कोलांटी घरी करायचीच नाही, मान मोडते. ती प्रशिक्षकासमोर, आणि पालक कितीही घाई करोत, माझा क्रम बदलत नाही.

व्यायामासाठी छोटा गोल ट्रँपोलिन घेतलाय? त्यावर उंच उडायचंच नसतं. जाळी पायाने खाली दाबत राहायची, पाय जेमतेम सुटले तरी पुरे. पाच मिनिटांत पोटऱ्या बोलायला लागतात. पंख्याखाली ठेवू नका. पायमोजे घालून चढू नका, घसरतं. उतरताना थेट फरशीवर उडी नको, कडेला बसून पाय टेका.

गच्चीवरचा ट्रँपोलिन बांधून ठेवा, वाऱ्याने उलटतो. आपल्याकडच्या पावसात स्प्रिंगा लवकर गंजतात. मी जूनच्या आधी त्या काढून, तेलाचा बोळा फिरवून डब्यात ठेवतो. ज्या ताणल्या गेल्यात, त्या परत लावत नाही.