राणीछाप विकून शिवराई घ्यावी का? ठरवायचं कसं

डबा उघडलात, नाणी जुन्या पेपरावर पसरलीत, साल बघून ढीग लावलेत, एवढं तुम्ही केलेलं आहे असं धरून चालते. भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा नसेल तर तो आधी मागवा. आणि चिंच-मीठ लावून नाणी घासली असतील तर आता तरी थांबा. घासलेलं नाणं दुरून चमकतं आणि भिंगाखाली ओरबाडलेलं दिसतं. घेणारा ते भिंगाखालीच बघतो.

ठाण्यात, आमच्या नौपाड्याच्या घरी सासऱ्यांचा डबा होता. वागळे इस्टेटमध्ये नोकरी करताना मिळेल ते नाणं त्यांनी साठवलं. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) नि राजाछाप (तिच्यानंतरच्या राजांचे) रुपये, पावल्या, चवल्या, भोकाचे पैसे, ८२ च्या एशियाडची नाणी. मला हळूहळू वेड लागलं ते शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं कडं, आणि ठसा मोठा पण चकती लहान, त्यामुळे एकेका नाण्यावर निम्मंच अक्षर आलेलं. मग प्रश्न आला: डबा विकून शिवराया घ्याव्यात का? ‘विकून टाका’ सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘वडिलोपार्जित आहे, हात लावू नका’ सांगणारेही तितकेच. दोघांचाही सल्ला मला कामाला आला नाही.

आधी, नाणी कुणाची?

सासऱ्यांचा डबा तुमच्या कपाटात आहे म्हणून तो तुमचा झाला नाही. दिराला फोन करा, नणंदेला विचारा, आणि होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. हे अवघडल्यासारखं वाटतं. पण विकल्यानंतर गणपतीत सगळे जमले असताना ‘बाबांचे रुपये कुठे गेले गं?’ हा प्रश्न येतो, तेव्हा जास्त अवघडतं.

स्वप्नं बाजूला काढा

वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखाला जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं, १८१८ साल घातलेलं, राम दरबार किंवा मारुती असलेलं ते जाड ‘हाफ आणा’ नाणं कंपनीने कधीच पाडलं नव्हतं. ते तांदूळ ओढतं म्हणणारा माणूस भेटला तर तांदूळ आणि पैसे दोन्ही सांभाळा. ‘रिझर्व्ह बँक जुनी नाणी घेते, आधी एवढा कर भरा’ असा फोन आला तर कट करा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून सांगितलं आहे की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही. एशियाडची, इंदिरा गांधींची, नेहरूंची साधी नाणी जपून ठेवा किंवा नातवंडांना द्या. ती विकायला जाण्यात रिक्षाभाडंही सुटत नाही.

खालची किंमत काढा

हे सोपं आहे. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयाचं वजन तेच, पण चांदी निम्मी. १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटला तर घाबरू नका, निकेल चिकटतंच. राणीछाप चिकटला तर मात्र घाबरा. १९६९ चं गांधींचं दहाचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. जांभळी नाक्याच्या बाजूला कुठल्याही सराफाकडे त्या दिवशीचा भाव आणि तो घट किती धरतो ते विचारा. हा तुमचा तळ. याच्या खाली कुणालाच काही द्यायचं नाही.

वरची किंमत शोधताना लोक ऑनलाइन जाहिरातींतले आकडे बघतात. जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणाऱ्याची इच्छा. लिलाव संपल्यावर प्रत्यक्ष बोली कुठे थांबली ते बघा, आणि तेही तुमच्याच कंडिशनच्या नाण्याचं. यूएनसी, म्हणजे न वापरलेल्या कोऱ्या रुपयाचा भाव झिजलेल्या रुपयाला लावून खूश होणारे मी फार पाहिलेत.

आता खरा पेच: कोणतं जावं, कोणतं राहावं

इथे मी आपटले, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

मुंबईत एक नाणेप्रदर्शन होतं. दोन दिवस आधी मी विचार केला की आधी पैसे उभे करू, मग निवांत निवडू. चांदीचे चाळीस रुपये एका व्यापाऱ्याला लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा दिले. त्याने माझ्यासमोर वजन केलं, हिशेब चोख केला, त्याचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. त्या चाळिसात बारा रुपये १८६२ सालचे राणीछाप होते. १८६२ हेच साल रुपयावर पुढे १८७४ पर्यंत छापत राहिले, आणि खरं वर्ष कळावं म्हणून टाकसाळीत ठिपके घातले जात. ते ठिपके मोजूनच नाण्याचा प्रकार ठरतो. मी एकाही नाण्याचे ठिपके मोजले नव्हते. त्यात काही मोलाचं होतं की नव्हतं, हे आता कधीच कळणार नाही. मला अजून टोचतं ते हेच.

पुढचं जास्त वाईट. पैसे हातात आले आणि ते स्वस्थ बसू देईनात. शिवराईसाठीच काढलेत ना, मग शिवराई घ्यायलाच हवी! प्रदर्शनात दुपारपर्यंत तीन घेतल्या. घरी येऊन काट्यावर ठेवल्या, भिंगाखाली पाहिल्या. एकीच्या कडेला साच्याची शिवण होती. ओतीव, नकली. उरलेल्या दोन अगदी सर्रास मिळणाऱ्या, पुढच्या काळातल्या दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेल्या. त्या मी पगारातून आरामात घेतल्या असत्या.

म्हणून माझं ठाम मत: ‘फंड’ उभा करायला नाणी विकू नयेत. समोर ठरलेलं, पाहिलेलं, वजन केलेलं एक नाणं असेल, तेवढ्यापुरतंच विकावं. आणि त्याच्याही आधी पाच-सहा शिवराया स्वतःच्या खिशातून, हळूहळू घ्याव्यात. सहा महिन्यांनी ‘शिव’ आणि ‘सिव’ लिहिण्यातला फरक बघताना झोप उडत असेल, तर वेड खरं आहे. नसेल, तर तुम्हाला शिवराई नको होती, बदल हवा होता. त्यासाठी येऊरला फिरून यायचं. ‘सोन्याचा होन आहे, घेता का’ असं कुणी म्हणालं (होन म्हणजे महाराजांचं अतिदुर्मिळ सोन्याचं नाणं), तर या सहा महिन्यांत तुम्हाला हसायलाही शिकता येईल.

निवडायची पद्धत आता सांगते. घरातली तीन ताटं घ्या. एक ‘घरचं’, एक ‘जाईल’, एक ‘थांब’.

प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर हातात पडणारी रक्कम लिहा. बाजारभाव लिहायचा नाही. समजा एखादा रुपया दुकानात शंभराला विकला जातो. व्यापारी तुमच्याकडून तो सत्तरला घेईल, कारण त्यालाही दुकान चालवायचं आहे. त्या सत्तरची शिवराई तुम्ही घेतलीत आणि उद्या मन फिरलं, तर ती विकताना हाती पन्नास येतील. नाण्याचं नाण्यात रूपांतर करताना दोनदा झीज होते, आणि ही झीज चिठ्ठीवर दिसली पाहिजे. माझ्या चाळीस रुपयांच्या वेळी मी शंभरांचा हिशेब मनात धरला होता.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज खिशात चिठ्ठीवरचे पैसे असते आणि हे नाणं दुकानात त्याच पैशाला मिळत असतं, तर मी घेतलं असतं का? ‘हो’ आलं तर घरच्या ताटात. ‘नाही’ आलं तर ‘जाईल’मध्ये. ‘पण सासऱ्यांनी...’ असं वाक्य सुरू झालं, तर ते उत्तर नव्हे. नाणं ‘थांब’मध्ये ठेवा.

‘थांब’चं ताट महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. माझं ते ताट भाद्रपदात भरलं आणि दिवाळीनंतर उघडलं. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवायला मी सासऱ्यांच्या डब्यातला एक झिजलेला राजाछाप उचलला. त्याची चिठ्ठी जवळपास चांदीच्या भावाची होती. तो रुपया तेव्हापासून घरच्या ताटात आहे, त्याचा हिशेब मी परत मांडला नाही. पण त्याच दिवाळीत तिथल्याच आणखी अकरा रुपयांकडे माझं लक्षही गेलं नाही. ते विकताना मला काही वाटलं नाही, दिरालाही नाही.

दुसरी खबरदारी. ‘जाईल’च्या ताटातलं प्रत्येक नाणं विकण्यापूर्वी भिंगाखाली पुन्हा पाहा. राणीछापवर ‘क्वीन’ आहे की १८७७ पासूनचं ‘एम्प्रेस’? ठिपके किती? टाकसाळीची खूण आहे का? पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावरचा झग्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ ला चित्र सुधारलं. तो वर्षभराचाच रुपया लॉटमध्ये टाकू नका. १९३९ चा रुपया दिसला तर आनंदाआधी संशय घ्या, साल खाडाखोड करून बनवलेले फिरतात. शंका आली की नाणं पुन्हा ‘थांब’मध्ये.

आणि हो, एका वेळी डब्याचा एक चतुर्थांशहून जास्त विकू नका. हा कुठला शास्त्रीय नियम नाही, मी घातलेला आहे. चूक झालीच तर चतुर्थांशाची होते.

विकणं

फोटो दोन्ही बाजूंचे, वजनासह. किमान तीन ठिकाणी भाव. चांदीच्या भावाच्या आसपासचा माल सराफाला किंवा व्यापाऱ्याला, त्याहून वरचा लिलावात. लिलावात कमिशन आणि पैसे कधी मिळणार, हे आधी लेखी घ्या. १०० वर्षांहून जुनं नाणं कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाचा मेसेज आला तर विषय तिथेच संपवा. पैसे बँकेतून घ्या, पावती ठेवा, रक्कम मोठी असेल तर कराबाबत सीएला विचारा.

घेणं

शिवराई घेताना काटा सोबत न्या. कडा बघा, अक्षरं फुगीर आणि बुळबुळीत दिसली तर सोडा. शक्य असेल तर एकदा नाशिकजवळ अंजनेरीला जाऊन या. तिथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. खरी नाणी ओळीने पाहिली की डोळा जेवढा तयार होतो, तेवढा फोनवरच्या फोटोंनी होत नाही. ठाण्यातून सकाळी निघालात तर संध्याकाळी परत.

आलेल्या प्रत्येक शिवराईची वहीत नोंद करा: वजन, व्यास, अक्षरांची ओळख, कुणाकडून, कितीला. आणि शेवटच्या रकान्यात, कोणतं नाणं विकून आली. माझ्या वहीत पहिल्या तिन्ही शिवरायांपुढे एकच ओळ आहे: ‘४० रुपये, लॉट. ठिपके मोजले नाहीत.’ नकली होती तिच्यावर फुली आहे, पण ती मी टाकून दिली नाही. नवीन नाणं घ्यायला निघताना ती पर्समध्ये असते, कड ताडून बघायला.