श्रिंक करण्याआधीची तयारी

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरची लॉग फाइल फुगून डिस्क भरली, की ती श्रिंक, म्हणजे लहान, करावी लागते. हे काम चतुर्थीच्या सुट्टीत काढावं, तेव्हा फोंड्याकडची बहुतेक ऑफिसं बंद असतात. दिवस मात्र पावसाचे, वीज केव्हाही जाणार, म्हणून आधी यूपीएसची बॅटरी तपासा. डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्या, पण भरलेल्या त्याच डिस्कवर नको. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोर होतोय हे डोळ्यांनी पाहा.

मग खरा प्रश्न: लॉग फाइल, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल, फुगली कशाने? 'डीबीसीसी एसक्यूएलपर्फ (लॉगस्पेस)' ही कमांड चालवून लॉगचा आकार आणि त्यातला वापर बघा. वापर पाच टक्के असेल तर जागा सुटेल. नव्वद असेल तर श्रिंक हात हलवत परत येईल. लॉग रिकामा का होत नाही, हे सिस्टिममधल्या डेटाबेसांच्या यादीत 'लॉग रीयूज वेट' या रकान्यात लिहिलेलं असतं. लहान ऑफिसांत तिथे बहुधा 'लॉग बॅकअप' दिसतं. रिकव्हरी मॉडेल, म्हणजे लॉग किती जपायचा ते ठरवणारी सेटिंग, फुल, रोज रात्री पूर्ण बॅकअपही होतो, आणि मालक निर्धास्त. पण पूर्ण बॅकअपने लॉग रिकामा होत नाही. त्यासाठी लॉगचाच बॅकअप लागतो. 'अ‍ॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं तर कुणाचं तरी काम अर्धवट उघडं आहे, ते शोधा. मॉडेल सिंपल (यात लॉग आपोआप रिकामा होतो) करून परत फुल करायचा शॉर्टकट घेतलात तर एकामागून एक घेतलेल्या लॉग बॅकअपची साखळी तुटते. लगेच नवा पूर्ण किंवा डिफरन्शियल (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचा) बॅकअप घ्या. एलडीएफ, म्हणजे हीच लॉग फाइल, डिलीट करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

किती एमबीवर आणायचं ते आधी ठरवा. इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) रीबिल्ड, म्हणजे नव्याने बांधायच्या, रात्री लॉगला लागते तेवढी जागा ठेवाच, नाहीतर फाइल पुन्हा वाढणार आणि वाढताना सगळ्यांना थांबवणार. वाढीचं प्रमाण टक्क्यांत न ठेवता एमबीत ठेवा. पहिल्या फेरीत फाइल हलली नाही तर लॉगचा चालू भाग शेवटाला अडकलेला असतो. आणखी एक लॉग बॅकअप, मग पुन्हा श्रिंक.

डेटा फाइलला, माझं ऐकाल तर, हात लावू नका. जुनी वर्षं कायमची काढून टाकली असतील तरच, आणि तेही आधी 'ट्रंकेटओन्ली'ने, जो फाइलच्या शेवटची रिकामी जागाच तेवढी सोडतो. पूर्ण श्रिंक शेवटची पानं उचलून पुढे टाकतो, त्यात इंडेक्स विस्कटतात. मग रीबिल्ड करा, त्यालाही जागा लागतेच. ऑटो श्रिंक बंद.

लॉग बॅकअपचं वेळापत्रक सुट्टी संपायच्या आत लावा. एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीत एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय, नसतो, तिथे विंडोजचा टास्क शेड्युलर वापरा.